जैबूनबाई आणि मागची खोली

जैबूनबाई नव्या पोरीचं नाव विचारायच्या आधी तिचा हात मागायच्या.

जूनच्या शेवटाला जंगलातल्या गावांतून बापलोक आपल्या पोरी घेऊन आश्रमशाळेत यायचे. कोणी सायकलवर, बरेचसे चालत. मुख्याध्यापक सर टेबलाशी बसून दाखले लिहायचे, आणि जरा बाजूला, पडवीत, पाटावर आमच्या अधीक्षिका जैबूनबाई बसलेल्या असायच्या. उंच, हाडकुळ्या, केसांना मेंदी, तोंडात सुपारी. शेजारी काचेच्या बांगड्यांचा पत्र्याचा डबा. पोर बापाचं धोतर सोडायला तयार नसायची. बाई नुसता हात पुढं करायच्या. थोड्या वेळानं पोर घाबरत घाबरत आपला पंजा त्यात ठेवायची. मग बाई तिची बोटं जुळवायच्या, अंगठ्याच्या मुळाशी दाबायच्या आणि एक बांगडी हळूहळू वर सरकवायच्या. बांगडी नेहमी मापापेक्षा जरा लहान.

मापाची का नाही घालत, म्हणून मी विचारलं होतं.

"मापाची सर्रकन जाते. मंग हात किती वेळ धरन मी?"

त्या गडचिरोलीच्या मणियाराची पोर. बाप गावोगाव फिरून बायकांना बांगड्या भरायचा, आणि लहानपणी बाई त्याच्यामागं डबा घेऊन हिंडल्या होत्या. बापानं शिकवलेलं असं की हात कडक असला तर बांगडी फुटते आणि बाईला लागते. म्हणून आधी बोलत राहायचं, म्हशीबद्दल, सासूबद्दल, कशाहीबद्दल, आणि बोटांनी ऐकत राहायचं. हात ढिला पडला की सरकवायची. बाईंनी तीच विद्या इथं आणली होती. कोणती पोर पहिल्याच दिवशी मूठ सोडते, कोणती आठ दिवसांनी, हे त्यांच्या डोक्यात असायचं. महिना झाला तरी जिची मूठ सुटत नाही, ती त्या मला नजरेनं दाखवायच्या. म्हणायच्या, हिच्यावर ध्यान ठेव, ही अजून आलीच नाई.

मी नागभीडकडची. धान करणाऱ्या घरची. आमच्या खानदानात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. मी बी.ए. झाले, बी.एड. झाले आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एटापल्लीच्या पलीकडं त्या आश्रमशाळेत शिक्षिका म्हणून लागले. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत. शिकल्याचा मला अभिमान होता. आजही आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे घडलं त्यात या अभिमानाचाही वाटा होता.

तिथं रस्ता संपायचा. दिवसातून एक बस, तीही आली तर. टिनाची लांब शाळा, मागं वसतिगृह, आणि चारी बाजूंनी साग आणि बांबू इतका जवळ की खिडकीतून हात काढला तर पान लागावं. कधी पडवीत वर्दीवाले पाणी प्यायला बसायचे, कधी जंगलातले दुसरे यायचे. दोन्ही वेळा पोरी सारख्याच गप्प राहायच्या. बाहेरून येणारे साहेब कौतुकानं म्हणायचे, किती शांत मुली आहेत तुमच्या. बाईंना त्या शांततेचीच भीती वाटायची. "पोट्ट्या भांडल्या का मले झोप लागते," असं त्यांचं बोलणं होतं.

आणि पोरी मरायच्या. हे लिहायला जड जातं, पण तसंच होतं. कोणी तापानं, कोणी साप चावून, बहुतेक सुट्टीत घरी गेल्यावर. आम्हाला खबरही नसायची. सुट्टी संपून शाळा भरली की हजेरीला एखाद्या नावाला उत्तर यायचं नाही. मग तिच्या गावची एखादी पोर खाली बघत "नाई" एवढंच म्हणायची. सर नावावर लाल रेघ ओढायचे. तिची पत्र्याची पेटी पोरी वसतिगृहाच्या कोपऱ्यात सरकवून ठेवायच्या, बाप येऊन घेऊन जाईपर्यंत. काही बाप येतच नसत. मी रुजू झाले तेव्हा त्या कोपऱ्यात तीन पेट्या होत्या, आणि शंभर पोरी त्यांच्याकडं पाठ करून झोपायच्या.

बाईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. तो त्या मुद्दाम वाजवत चालायच्या. मला वाटायचं धाक म्हणून. त्या म्हणाल्या, धाक कशाचा, पोट्ट्या रडून राह्यल्या असंन त डोळे पुसाले वेळ भेटला पाहिजे.

एकदा त्यांना गडचिरोलीला दोन दिवसांच्या शिबिराला बोलावलं होतं. किशोरवयीन मुलींचं मानसिक आरोग्य असा विषय. परत आल्यावर मी उत्सुकतेनं विचारलं, काय शिकवलं. बाई पाय चोळत बसल्या होत्या. म्हणाल्या, खुर्चीवर बसून बसून कंबर गेली, जेवण चांगलं होतं, आणि सांगितलं की मुलींशी बोला.  मग म्हणाल्या, आता मुलगी बोलतच नाई तर काय करावं हे विचाराले मी उभी झाली, तर ते मॅडम बोलल्या की वेळ संपला.

पण बाईंची रीत काय होती ते मला समजलं ते पहिलीतल्या एका पोरीमुळं. ती रोज अंथरूण ओलं करायची. बाकीच्या पोरी सकाळी नाकाला हात लावून तिला चिडवायच्या, आणि पोर दिवसेंदिवस आखडत चालली होती. बाईंनी तिला काही म्हटलं नाही. एका सकाळी हातात बादली घेऊन त्या ओरडत बाहेर आल्या की छप्पर गळून राह्यलं, त्या बाजूची सगळी रांग भिजली, उठा, आपापल्या सतरंज्या धुवा. छप्पर कोरडं ठणठणीत होतं. आकाशात ढग नव्हता. पण त्या पूर्ण रांगेच्या सतरंज्या खरंच ओल्या होत्या, आणि कोणाची कशानं ओली हे कोणालाच सांगता येईना. वीस पोरींनी हातपंपावर सतरंज्या आपटल्या, एकमेकींवर पाणी उडवलं. हे असं आठ-दहा वेळा झालं. छप्पर तपासायला सर शिडी लावून वर चढले तेव्हा बाईंनी त्यांना खाली उतरवलं.

"एकीचं हाय ते सर्व्याईत वाटून टाकाचं," त्या मला म्हणाल्या. "एकटीच्या डोक्यावर राह्यलं का मान मोडते."

हे वाक्य मी ऐकलं होतं. तरीही पुढं उलटंच वागले.

एका वर्षी दिवाळीची सुट्टी संपली तेव्हाची गोष्ट. सातवीत रासो आणि चैती अशा दोघी होत्या. शेजारशेजारच्या गावच्या, एकाच सतरंजीवर झोपणाऱ्या, एकीला खरूज झाली की दुसरीला होणारच. सुट्टीत चैती तापानं गेली. रासो एकटी चालत परत आली. पहिल्या दिवशी प्रार्थनेनंतर सरांनी हजेरी घेतली. चैतीचं नाव आलं. आम्हाला अजून माहीत नव्हतं. कोणी तरी "नाई" म्हणेल तोवर रासो म्हणाली,

"हजर."

चैतीच्या आवाजात म्हणाली असं पोरी पुढं सांगायच्या. मला तसं वाटलं नाही, पण माझ्याही अंगावर काटा आला होता हे खरं. पूर्ण रांग तिच्याकडं वळली. रासोनं एकदा सगळ्यांकडं पाहिलं आणि ती सरळ मागं पडली. दात बसलेले, मुठी वळलेल्या.

दुसऱ्या दिवशी दोघी पडल्या. तिसऱ्या दिवशी सात. प्रार्थना सुरू झाली की रांगेत कुठं तरी एखादी पोर डोलायला लागायची, आणि तिच्या आजूबाजूच्या पोरी श्वास रोखून आपली पाळी यायची वाट पाहायच्या. चैती आली, रासोच्या अंगात बसली, तिथून एकेकीला धरून राह्यली, असं बोललं जाऊ लागलं. सर चांगले होते पण भित्रे. त्यांनी दोन उपाय काढले. गावच्या पुजाऱ्याला बोलवावं, नाही तर रासोला घरी धाडावं.

घरी धाडण्याचा अर्थ आमच्या स्वयंपाकीण मैनाबाईंनी चुलीपाशी बसून सांगितला. मैनाबाई त्याच भागातल्या, माडिया. त्यांचं म्हणणं असं की पोर हे नाव घेऊन गावात गेली की गाव विचारणार, हिच्या घरात हे आलं कुठून. मग करणी करणारी म्हणून तिच्या आईकडं बोट जाणार. असं बोट एकदा गेलं की त्या घराला कोणी विस्तव देत नाही, आणि कधी कधी तेवढ्यावर भागत नाही. मैनाबाईंनी लाकूड आत सरकवलं.

"म्हणजे घरी धाडली त पोट्टी गेली," जैबूनबाई म्हणाल्या. "तिची माय बी."

त्या कामाला लागल्या. पडलेल्या पोरीच्या तोंडावर पाणी मारायचं त्यांनी बंद केलं. गर्दी करू दिली नाही. एक पोर पडली की बाकीच्यांना तांदूळ निवडायला बसवायच्या आणि स्वतः पडलेल्या पोरीचा हात धरून तिथंच जमिनीवर बसायच्या, जणू बांगडी भरून राहिल्या आहेत. पडली का, पडू द्या, उठंन, तुमी खडे काढा. रासोला त्या मुद्दाम पोरींच्या मधोमध बसवायच्या. सातांवरून चारांवर आलं, चारांवरून तिघींवर. पण थांबत नव्हतं, आणि सरांनी रासोच्या बापाला निरोप पाठवायचा दिवस ठरवला.

त्या दुपारी बाई माझ्या खोलीवर आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, तू शिकलेली हायस, अशा गोष्टीबद्दल पुस्तकात काय लिहिलं हाय? बाई स्वतः दहावीपर्यंत शिकलेल्या. मला फार बरं वाटलं. मी पेटीतून बी.एड.ची वही काढली आणि मानसशास्त्राचं टिपण वाचून दाखवलं. अशा वेळी जिच्यापासून सुरुवात झाली तिला इतरांपासून वेगळं ठेवावं, शांत जागी, म्हणजे बाकीच्यांवरचा परिणाम ओसरतो.

बाईंनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "एकटी ठेवाचं?"

"वेगळी. शांत जागी."

"मले त उलटं वाटते."

"बाई," मी म्हणाले, "हे शास्त्र आहे."

त्यांनी मान हलवली. शिकलेल्या माणसाचा त्या फार मान ठेवायच्या.

वसतिगृहाच्या मागं एक खोली होती. पूर्वी तिथं शिलाई मशीन असायची. बाईंनी ती स्वतः सारवली, स्वतःची गोधडी तिथं टाकली. रांगेत उभं राहायला नको म्हणून रासोचं ताट तिथंच द्यायचं ठरलं, आणि पोरींच्या गर्दीतून जायला नको म्हणून तिनं मागच्या दारानं ये-जा करावी असंही. दाराला कडी नव्हती. बाई दिवसातून चारदा जाऊन तिच्याजवळ बसायच्या. सरांना मी शास्त्र समजावून सांगितलं, आणि त्यांनी बापाला जाणारा निरोप थांबवला.

दुसऱ्या दिवशी कोणीच पडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सरांनी मला ऑफिसात बोलावून चहा पाजला. मी बाबांना पत्र लिहिलं की तुमच्या पोरीचं शिक्षण इथं कामाला आलं.

बाई मात्र खुशीत दिसत नव्हत्या. म्हणाल्या, लई लवकर थांबलं. मी म्हटलं, थांबलं ते चांगलंच ना. त्या हातपंपाकडं पाहत होत्या. पोरी कळश्या घेऊन चालल्या होत्या, पण नेहमीच्या वाटेनं नाही. मागच्या खोलीला वळसा घालून, चिंचेपलीकडून. कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

"पोट्ट्या भांडून नाई राह्यल्या," बाई म्हणाल्या.

मग एकेक गोष्ट दिसू लागली. रासोच्या दारासमोर कोणी तरी राखेची रेघ ओढली होती. बाईंनी ती पुसली, तर दुसऱ्या सकाळी परत होती. ताट घेऊन जाणाऱ्या पोरी ते दारापासून लांब जमिनीवर ठेवायच्या आणि काठीनं पुढं सरकवायच्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रासोची याला काही तक्रार नव्हती. समोरून कोणी आलं की ती स्वतःच झाडाआड जाऊन तोंड फिरवून उभी राहायची. बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरला. बाहेर येऊन मला म्हणाल्या, लाकूड झालं.

नवव्या दिवशी दुपारची जेवणं चालू असताना बाईंनी मैनाबाईंना सरळ विचारलं की हे का चालू हाय. मैनाबाईंना प्रश्नच समजला नाही. त्या म्हणाल्या,

"बाई, तुमीच त तिले कुर्म्यात टाकलं."

कुर्मा म्हणजे माडिया गावाबाहेरची झोपडी. पाळीच्या दिवसांत बाई तिथं राहते. तिचं ताट वेगळं, वाट वेगळी, तिची सावली कोणावर पडू नये. मी दोन वर्षं त्या शाळेत शिकवत होते, जैबूनबाई त्याहून कितीतरी जास्त तिथं होत्या. कुर्मा आम्हा दोघींनाही ऐकून माहीत होता. आपण सारवलेली, गोधडी घातलेली, कडी नसलेली खोली म्हणजे तेच, हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

"पण तिची पाळी नाई, काई नाई," बाई म्हणाल्या.

"तेच त. पाळीची बाई पाचव्या दिसी न्हाऊन घरात येते. हिचा दिवस कोणता? तुमी सांगितलाच नाई. जिचा दिवस नाई ते बाहेर कशी येईन?"

"मंग मले काऊन नाई बोलली तू?"

मैनाबाई आमच्या दोघींकडं पाहून म्हणाल्या, "मले वाटलं तुमाले मालूम हाय. तुमी शिकलेले लोक. समजूनच टाकलं असंन."

बाई धावल्या. त्यांना धावताना मी पहिल्यांदाच पाहत होते. खोली रिकामी होती. गोधडी नीट घडी केलेली. ताट धुऊन पालथं घातलेलं.

सर म्हणाले, चौकीवर कळवू. बाई म्हणाल्या, वर्दी पाहून ते पोट्टी आणखी आत जाईन. त्यांनी सातवीच्या पोरींना पडवीत बसवलं आणि एकेकीचा हात हातात घ्यायला सुरुवात केली. काही विचारलं नाही. चौथ्या पोरीचा हात त्यांनी सोडलाच नाही. ती पोर इकडं तिकडं पाहायला लागली. मग हळूच म्हणाली की रासो चैतीच्या गावाला गेली. चैतीला जिथं पुरलं तिथं.

"काऊन?"

"चैतीले सांगाले. का मी तुले आंगात घेतलं नाई, हे तू येऊन सर्व्याईले सांग म्हणून."

आम्ही तिघी निघालो, बाई, मैनाबाई आणि मी. नाल्याच्या काठानं बांबूतून वाट होती. त्या दिवसांत त्या जंगलात कोणी कोणाचं नाव घेऊन हाक मारत नसे. कोण ऐकेल याचा भरवसा नव्हता. म्हणून बाई किल्ल्या वाजवत चालल्या. तासभर तो एवढाच आवाज. ऊन असूनही खाली अंधारल्यासारखं होतं. मध्ये एकदा आमच्या पुढून कोणी तरी बाजूला झालं, जनावर की माणूस कळलं नाही. मैनाबाईंनी मला कोपरानं ढकललं की थांबू नका.

नाल्याच्या वाळूत रासो उभी होती. किल्ल्या ऐकून थांबली असावी. आम्ही चार पावलं पुढं गेलो, ती चार पावलं मागं सरली. पुन्हा गेलो, पुन्हा सरली. मागं डोह होता.

"बाई, जवळ नका येऊ. तुमाले लागंन."

मी पुढं व्हायला लागले. बाईंनी माझा दंड धरला आणि त्या वाळूत खाली बसल्या. दम लागला होता त्यांना. मैनाबाईंना हळूच विचारलं की बाहेर काढायचं कसं असते. मैनाबाईंनी सांगितलं. अंघोळ, धुतलेले कपडे, मग घरात पाऊल, आणि मग तिच्या हातचं जेवण. बाईंनी ऐकलं आणि रासोकडं पाहून साध्या आवाजात विचारलं,

"आज कितवा दिवस?"

"मालूम नाई."

"आज शेवटचा. मी सांगून राह्यली. कोनं टाकलं होतं तुले? मीच ना? मंग मीच काढीन."

 रासो वळली आणि डोहाच्या काठाला बसून तिनं डोक्यावर पाणी घेतलं. परतीच्या वाटेवर ती आमच्या वीस पावलं मागंच चालली. बाईंनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही, फक्त किल्ल्या वाजवत राहिल्या.

संध्याकाळच्या जेवणाला बाईंनी भाताच्या गंजापाशी रासोला उभं केलं आणि हातात मोठा डाव दिला. शंभर पोरी भिंतीला लागून उभ्या. बाई रिकाम्या पंगतीत एकट्या बसल्या आणि ताट पुढं केलं. रासोनं वाढलं तेव्हा अर्धा भात जमिनीवर सांडला. बाईंनी सांडलेलाही उचलून ताटात घेतला आणि जेवल्या, सावकाश, शेवटच्या शितापर्यंत. कोणी बसलं नाही. सर आत निघून गेले.

"भूक लागंन तवा बसजा," बाई पोरींना म्हणाल्या. "भात इथीच हाय. दुसरा नाई."

त्या रात्री शंभर पोरी उपाशी झोपल्या. असं करायला नको होतं, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलीतल्या दोघी बसल्या, कारण तेवढ्या वयाला भुकेपुढं भूत टिकत नाही. मग मैनाबाई बसल्या. दुपारी आणखी दहा-बारा. तिसऱ्या दिवशी निम्म्या. चैतीच्या गावच्या पोरी पौष लागेपर्यंत ताट घेऊन लांब बसायच्या, घास घ्यायच्या आधी एकमेकींकडं पाहायच्या, आणि बाईंकडं पाहायच्या. बाई रोज दोन्ही वेळा पहिल्या जेवायला बसत होत्या.

पोर पळाली होती ही गोष्ट वर गेलीच. कोणी तरी अर्ज केला की मुलीला कोंडून ठेवलं होतं. एक साहेब चौकशीला आले. मी ऑफिसच्या दाराबाहेर उभी होते आणि आतलं सगळं ऐकू येत होतं. खोलीत ठेवायला कोणी सांगितलं, असं साहेबांनी विचारलं.

"कोनी नाई. मीच ठेवली," बाई म्हणाल्या. "कडी नव्हती त्या दाराले. पण कडी लागतेच असं नाई, साहेब."

मी आत गेले नाही. पुढं किती तरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला कोणी बोलावलं नव्हतं.

बाईंची बदली झाली. माघात, एका सकाळी, त्यांची पेटी आणि वळकटी रस्त्याच्या कडेला ठेवली. बल्लारपूरला त्यांचा नवरा असतो एवढंच आम्हाला माहीत होतं, पण त्या तिकडं जात नव्हत्या, कोरचीकडं कुठंसं दुसऱ्या वसतिगृहावर जात होत्या. बस अकराला यायची, आणि पोरींचं जेवणही त्याच वेळी. बाईंनी त्यांना उठू दिलं नाही. निरोप बिरोप काही नको, जेवा म्हणाल्या. पंगत बसली होती, रासो भात वाढत होती. बस आली. कंडक्टरनं पेटी वर चढवली. बाई चढता चढता थांबल्या आणि माझ्याजवळ आल्या.

"तू तिच्या हातचं नाई खाल्लं अजून."

 मी माझ्या खोलीवर माझं रांधून खायची, सगळे शिक्षक तसंच करायचे. तसं मी सांगितलं.  वर म्हणाले, "बाई, माझा असल्या गोष्टींवर विश्वासच नाही."

"विश्वास नाई, त खाऊन दाखव ना."

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की दोन महिन्यांत मी रासोच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. वर्गात तिनं डस्टर आणून दिलं तर मी म्हणायची, टेबलावर ठेव.

"मी जाणार हे पोट्ट्याईले मालूमच होतं," बाई हळू बोलत होत्या. "बाया येते अन् जाते. त्या माह्याकडं नाई पाहून राह्यल्या आता. तुह्याकडं पाहून राह्यल्या."

मी वळून पाहिलं. पंगत थांबली होती. शंभर ताटांत भात होता आणि एकही हात चालत नव्हता. रासो गंजापाशी डाव धरून उभी होती, खाली पाहत.

बाई बसमध्ये चढल्या आणि ड्रायव्हरला काही तरी म्हणाल्या. त्यानं इंजिन चालू ठेवलं, पण गाडी हलवली नाही. मी पडवीत गेले, ढिगातलं एक ताट उचललं, पंगतीच्या टोकाला मांडी घातली. रासो आली. तिनं वाढलं. भातातून वाफ येत होती, आणि माझा हात ताटापर्यंत जाईना. जंगलातून कसलाही आवाज नव्हता, फक्त त्या इंजिनाचा.

बाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी हात हलवला नाही, हसल्या नाहीत. मी घास तोंडात घातला, चावला. घास खाली उतरेपर्यंत त्या माझ्या गळ्याकडं पाहत होत्या. मग त्यांनी मान वळवली, आणि बस निघाली.